फाटकी टोपी आणि मक्त्याचे वावर

हैदराबादचा सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्याविषयी आपल्या वर्गातल्या कोणत्याही विद्यार्थ्याला विचारून पाहावे. तो गादीवर केव्हा आला, त्याचे राज्य केव्हा संपले, हे बहुधा सांगता येणार नाही. पण तीन गोष्टी हमखास सांगितल्या जातील. सुमारे १८५ कॅरटचा जेकब हिरा तो टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून वापरी. एकच मळकी, कडा झिजलेली टोपी त्याने वर्षानुवर्षे घातली. आणि पाहुण्यांनी टाकलेली सिगारेटची थोटके तो उचलून ओढी. ज्याचे वाचन थोडे अधिक, तो चौथी गोष्ट जोडेल : किंग कोठीच्या तळघरात नोटांच्या थप्प्या उंदरांनी कुरतडून खाल्ल्या. १९३७ च्या फेब्रुवारीत 'टाइम' साप्ताहिकाने जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून त्याचे चित्र मुखपृष्ठावर छापले, आणि १९७५ मध्ये लापिएर व कॉलिन्स यांच्या 'फ्रीडम ॲट मिडनाइट'ने हे सारे किस्से एका जागी आणून घरोघर पोचवले. तेव्हापासून मराठीत निजामावर जे जे ललित लिहिले जाते ते याच चार खुंट्यांना टांगलेले असते. रविवारची पुरवणी असो की महाविद्यालयाचे वार्षिक, 'एका लहरी कुबेराची कहाणी' छापाचा लेख निघतो आणि टोपीपासून सुरू होऊन उंदरांपाशी संपतो.

या किश्शांतले किती खरे आणि किती रचलेले, हा आमच्या वादाचा मुद्दा नाही. काही खरे असतील, काहींना सांगणाऱ्याने मीठमसाला लावला असेल. ऐकीव गोष्टीचा तो धर्मच आहे. आमचा वाद वेगळा आहे. हे किस्से अमरावतीत आणि अकोल्यात सांगितले जातात, येथील प्राध्यापक ते सांगतात, येथील विद्यार्थी ते उतरवून घेतात, आणि सांगणाऱ्या-ऐकणाऱ्यांपैकी एकालाही आठवत नाही की ज्या जमिनीवर आपण बसलो आहोत तिचा कागदोपत्री मालक हाच माणूस होता. १९३६ च्या करारानंतर त्याच्या बिरुदात 'हैदराबाद आणि वऱ्हाडचा निजाम' अशी अधिकृत भर पडली होती. त्याचा थोरला मुलगा आझम जाह हा 'वऱ्हाडचा युवराज' म्हणवला जाई, आणि १९३१ मध्ये नीस येथे या मुलाशी जिचा विवाह झाला ती शेवटच्या उस्मानी खलिफाची कन्या दुर्रुशेहवार 'वऱ्हाडची युवराज्ञी' म्हणून युरोपभर ओळखली गेली. वऱ्हाडात मात्र ही नावे आज कोणाला सांगितली तर लोक चमकून पाहतात. आम्ही आमच्याच मालकाचे किस्से परक्यासारखे ऐकत आलो आहोत.

थोडा इतिहास सांगणे भाग आहे, कारण तो साहित्याच्या अभ्यासकांना माहीत नसतो आणि इतिहासाच्या अभ्यासकांना तो सांगण्याजोगा वाटत नाही. निजामाच्या घराण्याचे स्वतंत्र राज्य ज्या लढाईतून उभे राहिले ती साखरखेर्ड्याची लढाई १७२४ मध्ये वऱ्हाडातच, आजच्या बुलढाणा जिल्ह्यात झाली. पुढे सव्वाशे वर्षांनी, १८५३ मध्ये, फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी आणि कर्जापोटी निजामाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दोआब हे मुलूख कंपनी सरकारच्या हाती सोपवले. १८६० च्या तहाने धाराशिव आणि रायचूर परत मिळाले, वऱ्हाड इंग्रजांकडेच राहिला. या तहातले एक कलम आमच्या विषयाच्या दृष्टीने फार बोलके आहे. खर्च भागून जे उरेल ते निजामाला द्यावे असे ठरले, पण वऱ्हाडच्या जमाखर्चाचा हिशेब मागण्याचा हक्क निजामाने सोडून दिला. मालकाने हिशेब मागायचा नाही, वहिवाटदाराने तो दाखवायचा नाही, आणि ज्यांच्या वावरातून ही सारी रक्कम निघते त्या कास्तकाराला तर कोणी विचारलेच नव्हते.

सालारजंगाने वऱ्हाड परत मिळवण्यासाठी १८७० च्या दशकात बरीच खटपट केली. ती वाया गेली. अखेर ५ नोव्हेंबर १९०२ रोजी कर्झनने सहाव्या निजामाकडून, म्हणजे उस्मान अलीचा बाप महबूब अली खान याच्याकडून, वऱ्हाड कायमच्या मक्त्याने घेतला. मक्त्याची रक्कम सालिना २५ लाख रुपये. सार्वभौमत्व निजामाचे, कारभार इंग्रजांचा. याबद्दल महबूब अलीला जी. सी. बी. हा किताब मिळाला, तेव्हा त्या तीन अक्षरांचा अर्थ 'गेव्ह कर्झन बेरार', म्हणजे कर्झनला वऱ्हाड देऊन टाकला, असा लावून लोक हसले. निजामाविषयीचा आम्हांला आवडणारा किस्सा असेल तर तो हाच. यात माणसाची लहर दिसत नाही, व्यवहार दिसतो. म्हणूनच बहुधा तो पुरवण्यांत येत नाही.

'मक्ता' हा शब्द आम्ही जाणून वापरतो. वऱ्हाडात ज्याने कधी मक्त्याने वावर केले आहे किंवा दिले आहे त्याला त्याचा अर्थ शब्दकोशात पाहावा लागत नाही. बटईत मालक पिकाचा भागीदार असतो. पीक बुडाले तर त्याचेही थोडे बुडते. मक्त्यात रक्कम ठरलेली. पाऊस पडो न पडो, बोंडे फुटोत वा गळोत, मालकाला आकाशाकडे पाहण्याचे कारण उरत नाही. १९०२ नंतर निजामाचे वऱ्हाडशी नाते हे असे होते. १९११ मध्ये उस्मान अली गादीवर आला. तेव्हापासून १९४७ पर्यंतची ३६ वर्षे धरली तर २५ लाखांच्या हिशेबाने ही रक्कम ९ कोटी रुपये होते. हा केवळ कागदावरचा गुणाकार आहे. हा पैसा सरळ त्याच्या खाजगी पेटीत गेला असे आमचे म्हणणे नाही, तो संस्थानच्या तिजोरीत जमा होई. जेकब हिऱ्याचे पैसे वऱ्हाडने भरले असेही नाही. तो हिरा उस्मान अलीच्या बापाने १८९१ मध्ये घेतला होता आणि त्यावरून कलकत्त्यात खटलाही गाजला होता. निजामाच्या खाजगी संपत्तीचा मोठा आधार 'सर्फ-ए-खास' म्हणून राखून ठेवलेल्या जमिनींचा होता आणि त्या १९४९ मध्ये राज्यात विलीन होईपर्यंत त्यांचा वसूल थेट त्याचा होता. यांखेरीज दरबारातल्या नजराण्याच्या अशर्फ्या होत्याच. कोणता रुपया कोठून आला आणि कोठे गेला, याची अशी फोड करणे हे चरित्रकाराचे काम आहे. टोपीची भोके मोजल्याने ते होत नाही.

येथे आमच्यातलेच काही मित्र दोन आक्षेप घेतील. पहिला असा, की निजाम हा राजा, तुम्ही त्याला अब्जाधीश व्यावसायिकांच्या पंगतीला का बसवता? उत्तर सोपे आहे. हैदराबादेत तो राजा होता, वऱ्हाडात नव्हता. येथे त्याची फौज नव्हती, कोतवाल नव्हता, कायदा नव्हता. राजेपणाची सर्व कर्तव्ये वजा केल्यावर जे उरते ते, म्हणजे फक्त भाडे, तेवढे त्याला वऱ्हाडातून मिळत होते. आणि हे भाडे त्याच्या दृष्टीने किरकोळ नव्हते. एरवी किंग कोठीच्या भिंतींआड राहणारा, माणसांत फारसा न मिसळणारा हा एकांतप्रिय गृहस्थ १९२३ मध्ये व्हाइसरॉय रीडिंगला सविस्तर पत्र लिहून वऱ्हाड परत मागतो, १९२५ मध्ये पुन्हा मागतो आणि मार्च १९२६ मध्ये रीडिंगकडून तिखट नकार घेतो. भारतातील संस्थानिकांच्या कायदेशीर स्थितीची चर्चा या नकाराच्या पत्राशिवाय आजही पुरी होत नाही. जुलै १९४७ मध्ये त्याच्या शिष्टमंडळाने दिल्लीत पहिल्या मागण्यांत वऱ्हाडची मागणी ठेवली होती. थोटके उचलणाऱ्या भ्रमिष्ट म्हाताऱ्याचे हे वर्तन नव्हे. आपली मालमत्ता कोठे आहे, तिची किंमत काय आणि करारातली पळवाट कोणती, हे नेमके ठाऊक असलेल्या माणसाचे आहे. किश्शांतला निजाम आणि पत्रांतला निजाम ही दोन माणसे शेजारी ठेवली की पहिला खोटा वाटू लागतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो खास आमच्या क्षेत्रातला आहे. साहित्याला माणसाचे अंतरंग हवे असते, पैसा कोठून आला ते अर्थशास्त्रज्ञ पाहतील, असे म्हटले जाते. या युक्तिवादाने मराठी व्यक्तिचित्राचे जेवढे नुकसान केले तेवढे दुसऱ्या कशानेही केले नसेल. पु. ल. देशपांडे यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली'नंतर आपल्याकडे 'वल्ली' ही एक आस्वादाची कोटीच होऊन बसली. पु. लं.चा दोष नाही. त्यांच्या वल्ली बहुतेक मध्यमवर्गातल्या, बेताच्या मिळकतीच्या होत्या. त्यांच्या लहरींचा जगाला उपद्रव नव्हता आणि त्यांच्या लहरीपणाची किंमत ते स्वतःच मोजत होते. पुढच्या लेखकांनी तीच प्रेमळ दृष्टी जशीच्या तशी उचलून ज्यांच्या लहरीची किंमत इतरांनी मोजली त्यांनाही लावली. गरीब माणूस एकच टोपी पस्तीस वर्षे घालतो तेव्हा ते दारिद्र्य असते, कारकून घालतो तेव्हा काटकसर, आणि निजाम घालतो तेव्हा एकदम 'व्यक्तिमत्त्व' होते. विक्षिप्तपणाला साहित्यमूल्य येण्यासाठी पाठीशी तिजोरी असावी लागते, ही गोष्ट आमच्या समीक्षेने कधी बोलून दाखवली नाही.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेतला हॉवर्ड ह्यूज हा या जातीच्या कथांचा जागतिक नायक. विमाने, चित्रपट, लास वेगासमधल्या हॉटेलचा अख्खा मजला अडवून पडद्यांआड काढलेली वर्षे, वाढलेली नखे, जंतूंची भीती. १९७६ मध्ये मृत्यूही आला तो विमानात. मार्टिन स्कॉर्सेसीने २००४ मध्ये त्याच्यावर 'द एव्हिएटर' काढला. पण या सगळ्याचा खर्च चालला कशावर? ह्यूजच्या बापाने १९०९ मध्ये तेलविहिरी खोदण्यासाठी दुहेरी शंकूच्या दातेरी गिरमिटाचे पेटंट घेतले होते. कंपनी ही गिरमिटे विकत नसे, भाड्याने देई. टेक्ससच्या खडकात ती जेवढी फिरत तेवढे भाडे ह्यूजच्या खात्यावर पडे. म्हणजे तेथेही मक्ताच. स्वतःला खोलीत कोंडून घेण्याची चैन त्यालाच परवडते ज्याचे उत्पन्न तो हजर नसतानाही चालू राहते. एकांतप्रियता हा स्वभावाचा गुण असेलही, परंतु त्याआधी ती उत्पन्नाची एक पद्धत आहे.

ह्यूजच्या कथेतला साहित्याच्या विद्यार्थ्याने मुळीच सोडू नये असा भाग १९७१-७२ मधला आहे. क्लिफर्ड आयर्विंग नावाच्या लेखकाने ह्यूजचे 'आत्मचरित्र' आपण त्याच्या मुलाखतींवरून सिद्ध केले आहे असे सांगून मॅकग्रॉ-हिलसारख्या मान्यवर प्रकाशन संस्थेला गंडवले. इतकी वर्षे लपलेला माणूस बाहेर येऊन इन्कार करणार नाही, असा त्याचा अंदाज होता. ह्यूजने जानेवारी १९७२ मध्ये दूरध्वनीवरून पत्रकारांशी बोलून तो अंदाज चुकवला आणि आयर्विंग तुरुंगात गेला. आमच्या मते आयर्विंगने गुन्हा केला तो फक्त उघडपणे. दाराआडच्या श्रीमंताचे मौन ही लेखकासाठी मोकळी जागा असते, आणि निजामावर लिहिणारे आमचे पुरवणीकार ती जागा पन्नास वर्षे भरत आले आहेत. त्यांना पकडायला कोणी दूरध्वनी करत नाही एवढेच.

आता कोणी म्हणेल, तुम्हांला किस्सा हा प्रकारच नको आहे. तसे असते तर आम्ही मराठी शिकवणेच सोडले असते, कारण मराठी गद्याचा जन्म किश्शातून झाला आहे, आणि तोही आमच्याच अंगणात. अमरावती जिल्ह्यातले ऋद्धपूर, जेथे २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले, ते गोविंदप्रभूंचे गाव. गोविंदप्रभू म्हणजे गुंडम राऊळ हे लौकिक अर्थाने पूर्ण विक्षिप्त. हसत, रडत, कोणाच्याही घरात शिरत, हवे ते उचलून खात, देवांच्या मूर्तींशी भांडत. तेराव्या शतकाच्या अखेरीस महानुभावांनी त्यांच्या लीळा लिहून ठेवल्या त्या याच वेडेपणाच्या. जगातल्या कोणत्याही भाषेला हेवा वाटावा अशी विक्षिप्त माणसाची ही चरित्रकथा आपल्या भाषेच्या अगदी सुरुवातीला उभी आहे. तिच्यातील लीळा ही आकाराने किश्शाएवढीच, पुष्कळदा चार-सहा ओळींची. मग फरक कोठे पडतो?

फरक शेजाऱ्यांचा आहे. लीळेत गोविंदप्रभू एकटे कधीच नसतात. ते कोणाच्या दारात गेले, त्या घरात कोण होते, काय शिजत होते, कोण चिडले, कोणाची वस्तू घेतली आणि तिचे पुढे काय झाले, हे लीळाकार टिपून ठेवतो. वेड्याच्या वागण्याने गावाचे काय होते हा लीळेचा विषय असतो. त्यामुळे ऋद्धपूरचे ते चरित्र वाचताना तेराव्या शतकातल्या वऱ्हाडी गावाची घरे, जाती, अन्न, पाणवठे असे सारे हाती लागते. याउलट निजामाचा किस्सा घ्या. टेबल, हिरा आणि निजाम. खोलीत चौथे काही नाही. टेबल पुसणारा नोकर नाही, त्याचा पगार नाही. कागदांवर हिरा ठेवला, पण ते कागद कशाचे होते? वसुलाचे? अर्जांचे? वऱ्हाडच्या मक्त्याचे? किश्शाने हा प्रश्न कधी विचारला नाही. वजन लक्षात राहिले आणि ज्यांवर ते ठेवले होते ते कागद उडून गेले.

ज्या वर्षांत उस्मान अली किंग कोठीत फाटकी टोपी घालून बसत होता त्याच वर्षांत त्याच्या कागदोपत्री मुलखात आणखी एक माणूस डोक्यावर फुटके गाडगे, अंगावर चिंध्या आणि हातात खराटा घेऊन फिरत होता. डेबूजी झिंगराजी जाणोरकर, म्हणजे गाडगेबाबा, यांचा जन्म १८७६ मध्ये अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेणगावचा, आणि मृत्यू २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर. आमच्या विद्यापीठाला आज त्यांचे नाव आहे. बाबांच्या हातून लाखो रुपये गेले. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या; पंढरपूरची एक धर्मशाळा त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेकडे सोपवली. आणि आपल्या नात्यागोत्यातल्या कोणाचाही या मालमत्तेवर हक्क नाही अशी तजवीज त्यांनी करून ठेवली. गोपाळ नीलकंठ दांडेकर यांच्यासारख्या, मूळ परतवाड्याच्याच, लेखकाने त्यांचे चरित्र लिहिले. गाडगेबाबांचे कोणतेही चरित्र काढा, चिंध्यांचे वर्णन येते पण त्यावर थांबता येत नाही. पैसा कोणी दिला, कोणत्या इमारतीत गेला, तिचे विश्वस्त कोण, हे सांगितल्यावाचून ते चरित्र पुरेच होत नाही. बाहेरून दोघांचा वेष जवळजवळ सारखा. एकाच्या चरित्रात जमाखर्च अटळ असतो आणि दुसऱ्याच्या चरित्रातून तो अलगद गाळला जातो, हा योगायोग मानायला आम्ही तयार नाही.

निजामाचे कैवारी या ठिकाणी देणग्यांची यादी पुढे करतात. बनारस हिंदू विद्यापीठाला दिलेले दान, १९१८ मध्ये सुरू झालेले आणि उर्दूतून उच्च शिक्षण देणारे उस्मानिया विद्यापीठ, पुण्याच्या भांडारकर संस्थेचे निजाम अतिथिगृह आणि महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला दिलेले साहाय्य. हे सर्व खरे आहे आणि मोलाचे आहे. देशी भाषेतून विद्यापीठ चालवण्याचे धाडस तर आम्हां मराठीच्या मास्तरांना लाजवणारे आहे. त्याचे विरोधक रझाकारांची आणि १९४८ च्या पोलीस कारवाईची आठवण देतात, तेही खरे. काही जण त्याच्या कृपणपणाचा संबंध त्याच्या धर्माशी जोडतात. त्या क्षुद्र वाचनाला आम्ही उत्तर देत बसणार नाही. पण कैवारी आणि विरोधक दोघेही एकाच जागी अडकतात. तो उदार होता की कंजूष, सज्जन की दुष्ट, एवढेच त्यांना ठरवायचे असते. स्वभाव ठरला की खटला संपला. आम्हांला तो स्वभावाने कसा होता यात फारसे स्वारस्य नाही. अत्यंत उदार मालकाच्या वावरातही मक्ता ठरल्या तारखेलाच द्यावा लागतो.

आणि वऱ्हाड त्या काळात काय होता? 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण आम्ही अजून अभिमानाने सांगतो. १८६१ ते ६५ च्या अमेरिकन यादवीत लँकेशायरला कापूस मिळेना तेव्हा इंग्रजांची नजर या काळ्या जमिनीवर खिळली. लोहमार्ग आला, खामगावच्या फाट्याच्या उद्‌घाटनाला १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय मेयो आला. अमरावतीचे नाव तर कापसाच्या एका प्रतीलाच मिळाले : लिव्हरपूलच्या बाजारात 'उमरा' म्हटले की आमचा कापूस. ज्या गावाचे नाव इंग्लंडातल्या दलालांच्या तोंडी होते त्याच मुलखात १८९९-१९०० च्या दुष्काळात माणसे अन्नावाचून मेली. लक्ष्मण सत्या यांनी 'कॉटन अँड फॅमिन इन बेरार' या १९९७ च्या ग्रंथात कापूस आणि दुष्काळ ही जोडी का सुटी करता येत नाही ते दाखवले आहे. वऱ्हाडच्या मराठी विभागांतून तो ग्रंथ किती जणांनी हाताळला असेल याची आम्हांला शंका आहे. निजामाचा मक्ता त्या दुष्काळानंतर अवघ्या दोन वर्षांत ठरला. पुढे मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे जाणारी, लोकांनी लाडाने शकुंतला म्हटलेली छोटी रेल्वे आली तीही किलिक-निक्सन या विलायती कंपनीच्या हातची. जमिनीचा मालक हैदराबादेत, कारभारी नागपुरात, रेल्वेचे भागधारक लंडनमध्ये, कापसाचा भाव लिव्हरपुलात. वऱ्हाडात राहायला फक्त कास्तकार होता. न दिसणाऱ्या धन्याची आम्हांला इतकी सवय झाली की तो दिसत नाही याचेच कौतुक वाटू लागले.

आमच्या कादंबरीने या कास्तकाराकडे आणि गावातल्या कष्टकऱ्याकडे पाहिले, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. उद्धव शेळके यांची 'धग' १९६० ची. कौतिकच्या घरात किती धान्य आहे, कोणाचे किती देणे आहे, कशाला काय पडले, हे ती कादंबरी वाचकाच्या अंगवळणी पाडते. मनोहर तल्हार यांच्या 'माणूस'मध्ये अमरावतीचा रिक्षावाला आहे. या लेखकांना अंतरंग आणि पैसा यांत निवड करावी लागली नाही. कौतिकचे अंतरंग तिच्या डब्यातल्या पिठावरच उभे आहे. मग प्रश्न असा की, गरिबीचा हिशेब पै-पैने मांडणारे हे साहित्य श्रीमंतीकडे वळले की एकाएकी किस्से का सांगू लागते? पीठ मोजता येते आणि २५ लाख मोजता येत नाहीत? आमच्या मते हा अज्ञानाचा भाग कमी आणि भिडेचा अधिक आहे. गरिबाच्या घरात शिरून त्याचे डबे उघडायला लेखकाला परवानगी लागत नाही. श्रीमंताच्या दाराशी तो आदबीने उभा राहतो आणि दारवान जे सांगेल ते लिहून आणतो.

हा रोग जुन्या संस्थानिकांपुरता राहिला असता तर आम्ही एवढे लिहिले नसते. २०२२ च्या जूनमध्ये पालनजी मिस्त्री वारले. मुंबईचे हे बांधकाम-उद्योजक टाटा सन्सच्या सुमारे १८ टक्के भांडवलाचे धनी. कधी न बोलणारे म्हणून त्यांना 'बॉम्बे हाउसचे अदृश्य पुरुष' या अर्थाचे इंग्रजी टोपणनाव मिळाले होते. मृत्युलेखांत त्यांच्या मौनाला ऋषितुल्य वगैरे विशेषणे मिळाली. त्या गृहस्थांविषयी आमची काही तक्रार नाही. तक्रार आहे ती मौन हा आर्थिक व्यवहार न मानता चारित्र्याचा दागिना मानणाऱ्या भाषेविषयी. अमरावतीच्या कोणत्याही पुस्तकाच्या दुकानात आज दर्शनी फळीवर उद्योगपतींची चरित्रे असतात, साधा सदरा घालणाऱ्यांची, जुनीच गाडी वापरणाऱ्यांची, पहाटे उठणाऱ्यांची. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी ज्या जिल्ह्यांची नावे देशभर झाली त्या जिल्ह्यांतली मुले ती विकत घेतात आणि श्रीमंती ही सवयींतून येते असे शिकतात.

तेव्हा आमची मागणी साधी आहे आणि ती आमच्याच व्यवसायबंधूंकडे आहे. चरित्र आणि व्यक्तिचित्र शिकवताना 'व्यक्तिरेखेचे स्वभावविशेष स्पष्ट करा' हा प्रश्न काही वर्षे बंद ठेवावा. त्याऐवजी विचारावे : या माणसाचे घर कशावर चालते, आणि लेखक ते कोठे सांगतो, कोठे लपवतो? गोविंदप्रभूंच्या लीळांना हा प्रश्न विचारला तर त्या उत्तर देतात, 'धग' देते, गाडगेबाबांचे साधे चरित्रही देते. ज्या पुस्तकाला देता येत नाही त्याची भाषा कितीही गोड असो, ते अभ्यासक्रमात कशासाठी ठेवायचे याचा मंडळांनी खुलासा करावा. पदव्युत्तर प्रबंधांसाठी विषय मिळत नाहीत अशी ओरड दरवर्षी असते. वऱ्हाडच्या मक्त्यावर, त्या काळच्या वऱ्हाडी वृत्तपत्रांतून निजामाविषयी काय छापून येई यावर, वऱ्हाडी ओव्यांत आणि म्हणींत निजाम येतो का यावर एक तरी प्रबंध निघावा.

जानेवारी २०२३ मध्ये उस्मान अलीचा नातू आणि वारस मुकर्रम जाह इस्तंबूलला मरण पावला आणि हैदराबादच्या मक्का मशिदीत त्याचे दफन झाले. वऱ्हाडच्या शेवटच्या युवराजाचा हा मुलगा. बातम्यांबरोबर लगेच नवे किस्से आले : ऑस्ट्रेलियातला मेंढ्यांचा विस्तीर्ण मळा, बुलडोझर स्वतः चालवण्याचा नाद, राजवाडे सोडून यंत्रांत रमणारा राजा. आजोबांच्या टोपीशेजारी आता नातवाचा बुलडोझर येऊन उभा राहिला आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी त्यावर ललित लेख लिहून आणलाच तर आम्ही तो तपासू, शुद्धलेखनाचे गुणही देऊ, आणि समासात लिहू : १९०२ चा करार वाचून पुन्हा लिहा.